गोंधळाला यावं

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी गोंधळ केलाय, म्हणजे नाचलोय. भाड्याचा झब्बा, गळ्यात प्लॅस्टिकच्या कवड्यांची माळ, सीडीवरचं ४ मिनिटांचं गाणं, शेवटी पिरॅमिड. गोंधळात पिरॅमिड कुठून आला ते बाईंनाच माहीत. त्यामुळे लोककला म्हणजे ड्रेस भाड्याने आणून करायचा डान्स हेच डोक्यात बसलेलं.

मग दादाचं लग्न झालं आणि आईने गोंधळ घालायचाच म्हणून धरलं. टू बीएचकेत संबळ वाजला तर सोसायटी उठून बसेल म्हणून हॉल घेतला. पाच उसांच्या खोपीखाली धान्याचा चौक, वर कलश, बाजूला दिवटी. मी संबळवाल्याच्या हाताकडेच बघत बसलो. कमरेला दोन वाद्यांची जोडी, एक काठी सरळ, दुसरीचं टोक वाकडं, आणि तुणतुण्याला एकच तार, पण ती मधेच अशी काही बोलायची की काका पण मोबाईल ठेवून सावरून बसले. गोंधळ्यांमध्ये रेणुराई आणि कदमराई असे दोन आहेत, माहूरची रेणुका मानणारे ते रेणुराई आणि तुळजाभवानीचे ते कदमराई, हे मला त्याच दिवशी कळलं. आमच्याकडे आलेले रेणुराई. गाण्याचे शब्द कुणाचे विचारलं तर म्हणे, बापाकडून ऐकले, त्याने त्याच्या बापाकडून.

गण झाला, आवाहन सुरू झालं. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, एकेका देवाला गोंधळाला यावं म्हणून हाक, आणि आम्ही सगळे उदो उदो. मधेच ते वाकून वहिनीला विचारतात, "ताई, माहेरचं दैवत कोणतं?" ती लाजत म्हणाली जोगेश्वरी, आणि पुढच्याच ओळीत तिची जोगेश्वरी चालीत चपखल बसून गाण्यात हजर! वहिनीचे डोळे भरले, माझी उगाच मान खाली. आमच्या गॅदरिंगच्या सीडीत वहिनीला जागाच नव्हती ना.

आख्यान पूर्वी रात्रभर चालायचं म्हणे, आम्हाला हॉल १० पर्यंतच. पावणेदहालाच मॅनेजर दारात घड्याळ बघत उभा. दहा मिनिटं उभा राहिला, मग चप्पल काढून आत आला आणि गोंधळ्यांच्या कानाशी म्हणाला, "आमच्या म्हसोबाला पण एक हाक मारा की."

हॉल सोडला साडेदहाला. एक्स्ट्रा चार्ज मात्र लावलाच त्याने.