शितावरून परीक्षा

महागड्या जपानी रेस्टॉरंटमध्ये मन खट्टू होतं ते बहुतेक वेळा माशामुळे नाही, भातामुळे. मंद दिवे, गुळगुळीत लाकडी पाट, पाटावर सहा निगिरी, म्हणजे हातानं वळलेले सुशीच्या भाताचे घास, वर ट्यूनाचे लालबुंद काप. घास तोंडात जातो आणि दाताखाली येतं गार, टणक शीत. मासा ताजा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण खालचा भात सकाळपासून फ्रिजमध्ये बसलेला असतो.

शिजताना फुललेला स्टार्च थंडीत पुन्हा आवळला जातो, आणि शून्य ते चार अंशांच्या आसपास, म्हणजे नेमका फ्रिजमध्ये, झपाट्यानं. सुशीचा भात, म्हणजे शारी, अंगाच्या उबेइतका कोमट हवा. तोरो हा ट्यूनाच्या पोटाचा चरबीदार भाग. त्याची चरबी त्या उबेनं जिभेवर विरघळते. गार भातावर तीच टाळ्याला मेणासारखी चिकटते. म्हणजे सगळ्यात महागडा तुकडाच सगळ्यात आधी वाया जातो.

खरं तर यात अवघड काही नाही. 'गो' हे जपानी माप 180 मिलिलिटरचं. दोन गो आखूड दाण्याचा तांदूळ पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, मापास माप पाण्यात शिजवायचा. चार मोठे चमचे तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक लहान चमचा मीठ. हे मिश्रण भात वाफाळता असतानाच ओतायचं. निवल्यावर ओतलं तर मुरत नाही, तळाशी साचतं. पसरट लाकडी परातीत, हांगिरीत, चपट्या उलथण्यानं भात कापल्यासारखा हलवायचा. गोल ढवळला की शितं मोडून लगदा होतो. मग पंख्यानं वारा घालायचा, वरची ओल उडते आणि शितं चकाकतात. त्यानंतर ओलं फडकं झाकून ठेवायचा. फ्रिज यात कुठेच नाही.

इवल्याशा वाटीतला तो हिरवा, झणझणीत गोळाही बहुधा वासाबी नसतोच, रंगवलेलं हॉर्सरॅडिश, म्हणजे एक तिखट मूळ, आणि मोहरी असते. खरा वासाबीचा कंद ऐनवेळी शार्कच्या खरखरीत कातड्यावर किसतात. पाव तासात त्याचा झणका उतरतो. चूक कधी खाणाऱ्याचीही असते म्हणा. भाताची बाजू सोया सॉसमध्ये बुडवली की निगिरी वाटीतच विस्कटते. उलटी करून माशाची कड टेकवायची. चॉपस्टिक्सनी जमत नसेल तर सरळ हातानं उचलावी, कोणी नाक मुरडत नाही.

गंमत अशी की निगिरी मुळात गाड्यावरचं खाणं. 1820 च्या दशकातल्या एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, हानाया योहेई या माणसाचं नाव तिच्याशी जोडलं जातं. गिऱ्हाईक उभं, घास आताच्यापेक्षा बराच मोठा, वळला की लगेच तोंडात. आता तीच निगिरी स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत येताना पाटाच्या कोपऱ्यावर ठेवायच्या ऑर्किडची वाट पाहत थांबते.

गरम तेवढं मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप, येतं, अगदी उकळतं. तेही चुकलेलंच. मिसो घातल्यावर उकळी येऊ दिली की त्याचा वास उडून जातो.