मशीन नको, माणूस द्या

ओळखीतल्या एका संस्थेत आज मुलाखती घ्यायला बसले होते. वस्तीतल्या पोरापोरींना नोकरीला लावायचं काम. आता तिथे आणखी माणसं भरतायत. बायोडेटा एकेक चकाचक, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) वगैरे. मी सगळ्यांना एकच विचारत होते: पोरगी आठवड्यात नोकरी सोडून घरी बसली तर काय कराल? बहुतेकांनी 'समुपदेशन' म्हणून टाकलं. एक मात्र, याच संस्थेतून दुकानात बिलिंगला लागलेली, तिने उलट मलाच विचारलं, "मॅडम, तिचा पगार कितव्या तारखेला होतो? तोवर रिक्षाचे पैसे कोण देतं?"

तिला घेतलं, हे सांगायला नकोच.

खरं घोडं पेंड खातं पैशापाशी. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. पण देणाऱ्यांना शिलाई मशीनसोबत फोटो हवा असतो (मशीन पुढे गंजलं तरी चालतं!). घरोघरी फिरून पाठपुरावा करणाऱ्याचा पगार मागितला की "बघतो, कळवतो". यंदा एका देणगीदाराने फक्त पगारासाठी पैसे दिले, म्हणून तर ही भरती. नवी मुलगी सोमवारपासून रुजू होतेय. पहिलं काम, नोकरी सोडलेल्यांची घरं गाठायची.