इंदूरची ‘अरण्य’ वसाहत आणि कनाडियाचे फ्लॅट: एका दिवसात काय पाहावं, काय मोजावं

‘अरण्य’ ही मुख्यतः गरीब कुटुंबांसाठी आखलेली इंदूरची वसाहत, पण विजयनगर चौकातल्या रिक्षावाल्याला हे नाव कळेलच असं नाही. ‘स्कीम नंबर 78’ म्हणा. इंदुरात विकास प्राधिकरणाच्या वसाहती नावापेक्षा आकड्यानं ओळखल्या जातात. राजवाड्यापासून अंतर सहा किलोमीटरच्या आसपास आहे. रात्रीच्या गाडीनं येऊन स्टेशनवरून थेट जाऊ नका, आदल्या दिवशीच मुक्कामाला या. गल्लीचा खरा वापर सकाळी सात ते दहा दिसतो: धुणीभांडी, पाणी भरणं, दारातली विक्री.

1983 ते 1989 या काळात ही वसाहत आखली आणि उभी केली गेली. आराखडा वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींचा. दोशी जन्मानं पुण्याचे, 2018 साली प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळालेले. सुमारे 85 हेक्टर जागा, साधारण 6,500 भूखंड, सहा विभाग आणि मधून जाणारा बाजाराचा लांब पट्टा, म्हणजे वसाहतीचा कणा. सर्वांत लहान भूखंड 35 चौरस मीटरचा आणि सुमारे 65 टक्के भूखंड अत्यल्प उत्पन्न गटासाठी. मोठे भूखंड कडेला आणि कण्यालगत ठेवले. ते चढ्या भावानं विकायचे आणि त्या पैशातून लहान भूखंड स्वस्त करायचे, असा हिशेब होता. 1995 साली वसाहतीला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

गरिबाला पुरं घर बांधून दिलेलं नाही. भूखंड, जोतं, संडास-मोरीचा गाभा, पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय दिली. बाकीचं ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. कसं वाढवता येईल ते दिसावं म्हणून 80 नमुना घरं बांधली होती. बरेच जण तेवढीच शोधतात, फोटो काढतात आणि परततात. हे चुकतं. अभ्यासाचा माल बाजूच्या साध्या गल्लीत आहे.

एकच गट निवडा. दहा घरं मिळून एक गट, मागे अंगण, पुढे गल्ली, आणि दर वीस घरांमागे एक सेप्टिक टाकी अशी मूळ रचना होती. पाच मीटरची टेप, पाणसळ, कागदी नकाशा आणि दोन माणसं एवढं पुरतं. एका गटाला दोन तास धरा. आधी सांडपाण्याच्या लाइनवरचे चेंबर शोधा. कुठे आहेत, झाकण उघडता येतं की वर ओटा बांधलाय, हे नकाशावर मांडा. झाकण गाडलं गेलं की तुंबलेली लाइन साफ करायला फरशी फोडावी लागते. मग ते काम लांबतं आणि मैला शेजाऱ्याच्या मोरीतून वर येतो.

मग जोत्याची उंची घ्या, रस्त्याच्या आजच्या पातळीपासून. जुना थर न खरवडता काँक्रीटवर काँक्रीट चढत गेलं की रस्ता वर येतो, जोतं तिथंच राहतं आणि पावसाचं पाणी उंबरा ओलांडतं. दारापुढे विटांचा बुटका बांध दिसला की हेच झालंय असं समजा. पावसाळ्यात आलात तर मोठी सर ओसरल्यावर लगेच जा, टेप न लावताही कळेल.

घर आणि रस्ता यांच्यामध्ये अर्ध्या मीटरची पट्टी मुद्दाम ठेवलेली होती. तिथेच ओटले, पायऱ्या आणि वरच्या सज्जाचे आधार आले. इंदुरात मराठी घरांतूनही ओट्याला ओटलाच म्हणतात. प्रत्येक ओटल्याची रुंदी लिहून ठेवा. अर्ध्या मीटरच्या पुढे गेलेला प्रत्येक ओटला गल्लीतून वजा होतो, आणि पाण्याचा टँकर किंवा रुग्णवाहिका कुठे अडते ते त्यावरून सांगता येतं.

जिना बाहेरून असेल तर वरचा मजला भाड्यानं देता येतो. जिना आतून असेल तर कुटुंबच वर वाढलंय. नवी मुंबईत बेलापूरच्या वसाहतीत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी घरांच्या भिंती सामायिक ठेवल्या नाहीत, इथे ओळीतल्या घरांच्या लांब भिंती सामायिक आहेत. त्यानं वीट वाचते आणि उन्हाला फक्त पुढचं-मागचं अंग लागतं. पण शेजाऱ्यानं मजला चढवताना सामायिक भिंतीवर भार टाकला तर तडे दुसऱ्याच्या घरात जातात. तडे सांध्यावर उभे आहेत की भिंतीत तिरपे, हे नोंदवा. तिरपे असतील तर पाया खचण्याची शंका घ्यावी.

चिली देशातल्या इकिके शहरात 2004 साली 93 कुटुंबांना मुद्दाम अर्धी घरं दिली, तीही याच विचारानं. ज्या गोष्टी कुटुंबाला नंतर स्वतः करणं अवघड जातं, त्या आधी बांधून दिल्या.

दुपारनंतर इंदुरातल्याच कनाडिया भागाकडे जा. गुलमर्ग परिसरात केंद्र सरकारचा लाइट हाउस प्रकल्प, म्हणजे नव्या तंत्रानं झटपट घरं बांधण्याचा प्रयोग, आहे: पार्किंगवर आठ मजले आणि 1,024 घरं. 1 जानेवारी 2021 रोजी सहा शहरांत एकदम पायाभरणी झाली, त्यात इंदूर होतं. इथे पोलादी सांगाडा आणि तयार सँडविच पॅनल वापरले आहेत. दोन सिमेंट बोर्डांच्या मध्ये सिमेंट, वाळू, राख आणि थर्मोकोलचे मणी यांचं मिश्रण असतं. काम झटपट होतं, भिंत हलकी राहते. रहिवाशांच्या परवानगीनं तीन गोष्टी पाहा: पॅनलच्या सांध्यांवरच्या केसासारख्या भेगा, न्हाणीच्या भिंतीमागची ओल, आणि जड कपाट किंवा गिझर कशावर टांगलाय. साधा खिळा इथे सैल होतो, पॅनलसाठीचा अँकर लागतो. लंडनच्या ग्रेनफेल इमारतीत 2017 साली बाहेरच्या आवरणामुळे आग पसरली आणि 72 माणसं गेली. इथलं पॅनल त्या जातीचं नाही, थर्मोकोल सिमेंटात मिसळलेला आहे. तरी अग्निरोधक चाचणी किती मिनिटांची झाली आणि पोलादावर संरक्षक थर कोणता आहे, हे जरूर विचारा.

ही घरं बांधली तेव्हाच्या पंतप्रधान आवास योजनेत अत्यल्प उत्पन्न गटाच्या घराचं चटईक्षेत्र 30 चौरस मीटरपर्यंत होतं. ‘अरण्य’मधल्या 35 चौरस मीटरच्या भूखंडावरचं घर वर वाढलं, हा फ्लॅट वाढणार नाही. मुलाचं लग्न झालं की काय करणार, हा प्रश्न दोन्हीकडे विचारा आणि उत्तरं शेजारी-शेजारी लिहा. इथे आणखी एक विचारा: लिफ्टच्या देखभालीची वर्गणी कोण गोळा करतं आणि किती घरं थकलीत. लिफ्ट बंद राहिली तर वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं घरातच अडकतात.

घरात शिरण्याआधी विचारा, बायका एकट्या असतील तर बाहेरूनच बोला. रहिवाशांशी हिंदीत बोलावं लागेल. मूळ आराखडे हवे असतील तर रेसकोर्स रोडवरच्या प्राधिकरणाच्या कार्यालयात आधी लेखी अर्ज द्या, कॉलेजचं पत्र जोडून.