बांधावरची रुदंती

कोकणातल्या वाळूवर मर्यादवेल ओळखायला शिकले, त्याला आता चार वर्षे झाली. आपट्यासारखी मध्ये दुभंगलेली जाड पाने, जांभळट गुलाबी फुले आणि पेरापेराला मुळे धरत भरतीच्या रेषेकडे पसरत गेलेला वेल, ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. तिच्या शेजारी रावणाच्या मिशा नावाच्या गवताचे काटेरी चेंडू वाऱ्यावर घरंगळत होते, आणि खाडीच्या कडेला समुद्रघोळ होती. आत आलेले मीठ ती आपल्या मांसल पानांत भरपूर पाण्याने पातळ करून ठेवते. मीठ सोसणारी झाडे समुद्रकाठचीच, असे मी तेव्हापासून धरून चालले होते.

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस सांगलीहून आयर्विन पूल ओलांडून आष्ट्याच्या रस्त्याला लागले, ती क्षारपड जमिनी पाहायला. कसबे डिग्रज मागे पडल्यावर एका पाणंदीने आत गेले. दोन्ही बाजूंना हिरवागार ऊस आणि मध्येच एक पांढरे पडलेले रान; पायाखाली मिठाचा पापुद्रा कुरकुरत होता. समुद्रावर खारे तुषार वाऱ्याबरोबर येतात, इथे मीठ खालून येते. वर्षानुवर्षे पाटाने दिलेले पाणी निचरा न होता साचते, भूजल वर चढते आणि उन्हाने पाणी उडून गेले की क्षार माथ्यावर उरतात.

त्या रानात हरळी तग धरून होती, कडेला वेडी बाभूळ माजली होती. पण माझी नजर अडकली ती वीतभर उंचीच्या, राखाडी हिरव्या रोपांवर. लांबून वाटावे, कुणी हरभरा पेरून विसरून गेले आहे. गुडघे टेकून पाहिले, तेव्हा बारीक लवदार पानांवर दवासारखे थेंब दिसले, शेंड्याला इवलीशी पांढरी फुले होती. एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. हरभऱ्याची आंब आंबट असते, हा थेंब चक्क खारट होता! ही रुदंती. नको असलेले मीठ ती पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते, आणि हे पाझरणे पाहूनच लोकांनी तिला रडणारी म्हटले असावे. इतके नेमके नाव मी क्वचितच ऐकले आहे.

शेजारच्या रानातले आजोबा तोवर जवळ आले होते. “उसाच्या नादात पाणी लई दिलं बगा, ताई. आता चर काढल्याबिगर काय खरं न्हाई,” ते म्हणाले. चर काढून खारे पाणी वाहून गेले, तर असे रान पुन्हा पिकावर येऊ शकते. चोपण झालेल्या जमिनीला मात्र निचऱ्याबरोबर जिप्समही लागते, कारण तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. म्हणूनच रान पांढरे होण्याआधी ही रोपे ओळखता येणे मला फार मोलाचे वाटते.

निघताना त्यांच्या उसाच्या कडेने चालत होते. बांधापासून तीन हात आत, सरीच्या वरंब्यावर रुदंतीची चार रोपे उगवली होती. मी दाखवल्यावर आजोबा खाली बसले, एक पान बोटांत चोळून त्यांनी जिभेला लावले.

“गेल्या साली हितं नव्हती ही,” ते म्हणाले.