जायफळ हातात धरून शिकलेलं इंग्रजी

चौथीपर्यंत मी मराठी शाळेत होते. घरी कोंकणी, वाचायला मराठी आणि पाचवीपासून सगळे विषय एकदम इंग्रजीत. पाठ करून परीक्षा पास होत गेले. पण गोव्यात फोंड्याजवळच्या एका मसाल्याच्या बागेत पर्यटकांना फिरवायचं काम मिळालं, तेव्हा लक्षात आलं की वर्णन करायला माझ्याकडे तीनच शब्द आहेत: गुड, नाइस आणि ब्यूटिफुल.

दुसऱ्याच आठवड्यात एका परदेशी बाईंनी बिंबल, म्हणजे एक आंबटढाण फळ, उचलून विचारलं, "व्हॉट डझ इट टेस्ट लाइक?" मी म्हटलं, "व्हेरी नाइस." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून अख्खं बिंबल चावलं, आणि डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. 'सावर' एवढा सोपा शब्द मला वेळेवर सुचला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मग मोबाइलवरून रोज वीस शब्द पाठ करायला लागले. महिन्याभरात त्यातला एकही तोंडात राहिला नाही. आमच्या वाड्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना वही दाखवली.

"बाई, शब्द येतात, पण बोलताना आठवत नाहीत."

"यादी सोड गो," त्या म्हणाल्या. "रोज दोनच शब्द घे. पण वाक्य तुझ्या कुळागरातलं, त्या मसाल्याच्या बागेतलं पाहिजे, पुस्तकातलं नको."

सुरुवात जायफळापासून केली. झाडाखाली पडलेलं पिकलं फळ उचलून आणलं. फिकट पिवळं, मधोमध उकललेलं. आत काळसर तपकिरी, चकचकीत कवच आणि त्यावर लालभडक जायपत्रीची जाळी. एका फळासाठी तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी वहीत वाक्य उतरलं: "अ लेसी रेड मेस कव्हर्स द ग्लॉसी ब्राउन शेल." लेस म्हणजे जाळीदार कापड, त्यावरून लेसी. तो शब्द पुन्हा कधी पाठ करावा लागला नाही. जायपत्री सुकली की तिचा लाल रंग जाऊन ती नारिंगी-पिवळी होते, म्हणून तिच्यासाठी दुसरं वाक्य लिहिलं.

चवींचं पान सगळ्यात जास्त भरलं. आपण मिरीला तिखट म्हणतो आणि चहाला गरम; इंग्रजीत दोन्हीला 'हॉट' चालतं, त्यामुळे पाहुण्यांचा गोंधळ होतो. मिरीसाठी मी 'पंजंट' शिकले, पण रशियन पाहुण्यांना तो कळेना, म्हणून त्यांच्यासाठी 'स्पायसी'च ठेवला. अवघड शब्द म्हणजे चांगला शब्द, हा माझा समज तिथे सुटला. भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, सरबताला 'टार्ट', कारण तो आंबटपणा हवासा वाटतो. काजूच्या बोंडूला 'अ‍ॅस्ट्रिंजंट', म्हणजे तुरट. मराठीत तुरट हा रोजचा शब्द, इंग्रजीत तो पुस्तकी वाटतो, म्हणून पुढे जोडते, "इट मेक्स युवर माउथ ड्राय."

बाईंनी लाल पेनाने सुधारलेल्या चुकाही जपून ठेवल्यात. माडाला मी 'हाय ट्री' लिहिलं होतं. झाड 'टॉल', डोंगर 'हाय'. जोराच्या पावसाला 'स्ट्राँग रेन' नाही, 'हेवी रेन'; चहा मात्र 'स्ट्राँग'. आणि विशेषणांचा क्रम! आपण 'हिरवं गोल लहान फळ' म्हटलं तरी कोणी अडवत नाही. इंग्रजीत आधी आकारमान, मग आकार, मग रंग: "अ स्मॉल राउंड ग्रीन फ्रूट." नियम वाचून डोक्यात शिरला नाही. मिरीच्या हिरव्या घोसाकडे बोट दाखवून रोज चार गटांना हेच वाक्य सांगितलं, तेव्हा जिभेला वळण पडलं.

गेल्या मोसमात एक आजोबा फेरीत सगळ्यांच्या मागे राहिले होते. त्यांना नीट दिसत नव्हतं. दालचिनीची साल त्यांच्या हातात देऊन मी सांगत गेले: "रफ आउटसाइड, स्मूद इनसाइड, स्वीट अँड वूडी स्मेल." त्यांनी ती दोन्ही बाजूंनी चाचपली, हुंगली आणि म्हणाले, "यस, वूडी."

सध्या पावसामुळे पाहुणे कमी आहेत, म्हणून पावसाचंच पान घेतलंय. सर म्हणजे 'शॉवर', मुसळधार म्हणजे 'डाउनपोर', भुरभुर म्हणजे 'ड्रिझल'. 'रिपरिप'साठी एक शब्द सापडलेला नाही. तिथे मी वाक्यच लिहिलंय: "लाइट रेन, ऑल डे, ऑन द बनाना लीव्ह्ज." बाईंना अजून दाखवायचंय.