सोलर घेताना आधी पाणी बघा

‘नळ्यांचा घेऊ की प्लेटचा? जास्त कोणता टिकतो?’ गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवायचं ठरलं की हा प्रश्न हमखास येतो: काचेच्या नळ्यांचा, की काचेखाली तांब्याच्या नळ्या असलेला फ्लॅट प्लेटचा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: दुकानात जाण्याआधी घरात येणारं पाणी तपासून घ्या. कलेक्टर, म्हणजे उन्हात पाणी तापवणारा भाग, उन्हाने क्वचितच खराब होतो. त्याला संपवतं ते क्षारांचं पाणी.

पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात जास्त विरघळत नाही, उलट बाहेर पडतो. तापमान 60 अंशांच्या पुढे गेलं की थर भराभर साचतो. फ्लॅट प्लेटमधल्या तांब्याच्या नळ्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या. थर चढत गेला की त्या आतून अरुंद होतात, पाणी फिरेनासं होतं आणि कडक उन्हातही कोमट पाणी येतं. अ‍ॅसिडने साफ करता येतं, पण वारंवार केलं तर तांबंही झिजतं. काचेच्या नळीत हाच क्षार तळाशी बसतो आणि नळी काढून धुता येते. म्हणून बोअरचं जड पाणी असेल तर मी नळ्यांचाच सुचवते, किंवा हीट एक्स्चेंजर असलेली प्लेट, ज्यात घरातलं पाणी कलेक्टरमधून जातच नाही.

पाणी मऊ असेल तर मात्र तांब्याची प्लेट घ्या, बिनदिक्कत. तिची काच टफन्ड असते, सहसा फुटत नाही. काळा पत्रा नळीला कसा जोडलाय ते विचारा. वेल्डिंग अखंड हवं. नुसता काळा रंग नको, सिलेक्टिव्ह कोटिंग हवं. ते ऊन शोषतं, पण उष्णता फारशी बाहेर टाकत नाही. कोणाकडे जुनी प्लेट असेल तर दुपारी जाऊन बघा. सकाळी काचेच्या आत धुकं दिसलं तर हरकत नाही. भर दुपारीही थेंब तसेच असतील, तर काचेच्या कडेचं रबरी गॅस्केट गेलंय आणि मागचं इन्सुलेशन भिजलंय असं समजा.

काचेच्या नळीची परीक्षा तर अगदी सोपी. बंद टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो बेरियमचा. दोन काचांमधल्या निर्वातात हवा शिरली की तो पांढरा पडतो. पांढऱ्या टोकाची नळी नवी असली तरी घेऊ नका. आणखी एक: भर उन्हात रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडलं तर काच तडकते. एक नळी फुटली की टाकीतलं पाणी तिथूनच वाहून जातं. बसवणाऱ्याला सांगा, पाणी पहाटे भरा नाहीतर ऊन उतरल्यावर.

आयएसओ 9806 या मानकाप्रमाणे चाचणी झाली आहे का, हे जरूर विचारा. त्यात कलेक्टर कोरडा ठेवून उन्हात तापवतात, गरम काचेवर गार पाणीही मारतात. वॉरंटीच्या कागदात ‘क्षारांमुळे झालेलं नुकसान’ कुठे लिहिलंय ते शोधा. बहुतेक वेळा ते वॉरंटीतून वगळलेलं असतं.

तांब्याचा पाइप थेट जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपला जोडू देऊ नका, जीआय लवकर गंजतो. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असेल तर तो टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठीच असतो, वेळच्या वेळी बदला. आणि घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर जाताना कलेक्टर झाकून जा.