भुरी आता खाते कशी, हे तुम्ही विचारलेत म्हणून

खाते. व्यवस्थित खाते. प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, आणि गेल्या दोन वर्षांत ते मी इतक्या वेळा दिले आहे की समोरच्याने “पण दातच नाहीत तर…” एवढे म्हणताच पुढचे वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडते. तरीही प्रश्न थांबत नाहीत, कारण विचारणाऱ्याच्या मनात असतो तो वेगळाच प्रश्न: माझ्या या मांजरीचे सगळेच दात काढायची खरोखर गरज होती का? कोणी तो सरळ विचारतो, कोणाच्या चेहऱ्यावर तो दिसतो, आणि एका प्राणिप्रेमी गृहस्थांनी तर माझ्यादेखत भुरीच्या पाठीवरून हात फिरवत “काय गं, तुझे बोळके करून टाकले की यांनी,” असे म्हटले. त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. आज लिहायला बसले आहे.

भुरी कुठे सापडली, तिच्या अंगावर किती जखमा होत्या, पहिले तीन आठवडे ती कपाटामागून बाहेर कशी आली नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे आणि त्यात मी पुन्हा शिरत नाही. मी आजवर सांगायचे टाळले ते त्यानंतरच्या चार महिन्यांविषयी. त्या दिवसांत भुरी भांड्याकडे धावत यायची, एक घास घ्यायची, भांड्यावरच फिसकारायची आणि आल्या पावली पळून जायची. मला त्याची गंमत वाटली. ‘जेवणाशी भांडणारी मांजर’ म्हणून मी तिचा व्हिडिओ काढला, तुमच्यापैकी पुष्कळांना पाठवला आणि तुम्हीही हसलात. तिची लाळ गळायची, तर लाडात आलेली मांजरे लाळ गाळतात असे मी कुठेतरी वाचले होते. तोंडाला घाण वास यायचा, तर रस्त्यावर वाढलेल्या जिवाचे असेच असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. पाठीवरच्या केसांचा गुंता होऊ लागला, तेव्हा ती आळशी आहे असे ठरवून टाकले. मांजर दुखणे लपवते हे मला ऐकून माहीत होते. भुरी मात्र काहीच लपवत नव्हती, रोज दोन वेळा भांड्यासमोर उभी राहून ती ते सांगत होती.

डॉक्टरांनी तिचा ओठ अंगठ्याने जेमतेम वर केला तेव्हा मला पहिल्यांदा आतले दिसले. हिरड्या आणि दोन्ही जबडे जिथे मिळतात तिथली, घशाकडची त्वचा सोलल्यासारखी लालभडक होती आणि नुसत्या स्पर्शाने तिथून रक्त झिरपत होते. या आजाराला जिंजिवोस्टोमॅटायटिस म्हणतात. अशा पुष्कळ मांजरांच्या तोंडात कॅलिसीव्हायरस हा विषाणू सापडतो, पण सगळे खापर त्या एकट्यावर फोडता येत नाही. दातांवर जंतूंचा जो थर साचतो त्याच्याविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा इतकी चवताळते की तोंडाची आतली त्वचाच तिच्या तडाख्यात सापडते. दात घासून किंवा दवाखान्यात साफ करून भागत नाही, कारण तो थर काही तासांतच पुन्हा धरू लागतो. स्टिरॉइडने काही आठवडे बरे वाटते, मग मात्रा वाढवावी लागते, आणि ती फार काळ चालू राहिली तर मांजराला मधुमेह जडण्याची भीती असते. उरतो तो उपाय म्हणजे थर बसण्याची जागाच काढून टाकणे. पुष्कळदा दाढा काढून सुळे ठेवता येतात. भुरीचे पुढचे दातही वाचवण्याजोगे नव्हते. प्रौढ मांजराला ३० दात असतात, तिचे २३ उरले होते, आणि एक्स-रेत असे दिसले की दोन ठिकाणी वर काही नसले तरी हिरडीच्या आत तुटकी मुळे अडकून पडली होती.

तेव्हा गरज होती का, याचे माझे उत्तर ‘होती’ असेच आहे. ते मी आज जितक्या ठामपणे देते तितकी ठाम त्या दिवशी नव्हते, हेही कबूल करते. मी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले, तेही तेच निघाले, आणि तरी तीन आठवडे घालवले. विचार मी करत होते आणि भोगत ती होती.

शस्त्रक्रियेविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. आधी रक्त तपासले, पूर्ण भूल दिली, तीन तास लागले, विरघळणारे टाके घातले. संध्याकाळी घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली, की वेदनाशामक वेळेवर द्या, ती बरी दिसली तरी द्या. ब्युप्रेनॉर्फिनचे थेंब बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आत सोडायचे होते, कारण ते पोटात जाऊन नव्हे तर तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाऊन काम करते. पहिल्या रात्री मी ते नेमाने दिले. मध्यरात्री पाहते तो तिच्या बाहुल्या इतक्या विस्फारल्या होत्या की डोळ्यांचा हिरवा रंग कडेला रेघेपुरता उरला होता. भिंतीकडे टक लावून ती पुढच्या पंजांनी चादर एकसारखी तुडवत होती. औषध जास्त झाले, असे मी धरून चालले. फोन करून विचारायचे सोडून मी सकाळची मात्रा निम्मी केली, दुपारची दिलीच नाही, रात्री पुन्हा निम्मी दिली, आणि पुढचा दिवसही तसाच काढला. बाहुल्या विस्फारणे आणि चादर तुडवणे हे या औषधाचे मांजरांमध्ये नेहमी दिसणारे परिणाम आहेत, त्यात घाबरण्यासारखे काही नसते, हे मला नंतर कळले. तुम्हांला मी आजपर्यंत ‘शस्त्रक्रियेनंतर ती दोन दिवस जेवली नाही’ एवढेच सांगत आले. का जेवली नाही, ते सांगितले नव्हते.

(याच दोन दिवसांत एका हितचिंतकांनी पॅरासिटामोलची पाव गोळी द्यायला सुचवले होते. ते औषध मांजराच्या शरीराला पचवता येत नाही आणि अगदी थोडेही त्याच्या जिवावर बेतू शकते. एवढी एक चूक मात्र माझ्या हातून झाली नाही.)

दुसऱ्या दिवसाच्या रात्री मी वजनकाटा काढला. शस्त्रक्रियेआधी ती २ किलो ६४० ग्रॅम होती, आता २ किलो ४८० भरली. दोन-तीन दिवस पोटात अन्न न गेलेल्या मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि त्यातून यकृत निकामी होऊ शकते, हे मी त्याच संध्याकाळी वाचले होते आणि माझे हातपाय गळाले होते. तेव्हा जबरदस्तीने का होईना, पण पोटात घालायचेच, असे मी ठरवले. मऊ अन्न पाणी घालून पातळ केले, गाळले, सिरिंजमध्ये भरले आणि भुरीला पंजे आत राहतील अशी टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून मांडीवर घेतली. पहिला अर्धा मिलिलिटर तिने गिळला. दुसऱ्या वेळी तिने मान झटकली आणि सिरिंजचे टोक वरच्या हिरडीवर, जिथे सुळा होता तिथल्या टाक्यांवर घासले गेले.

ती ओरडली, श्वास संपेपर्यंत, एकाच सुरात. मग तिने माझे बोट तोंडात धरले आणि जीव खाऊन दाबले. मला काहीच लागले नाही. बोटाभोवती नुसत्या ओल्या, गरम हिरड्या होत्या आणि त्या थरथरत होत्या. चावायला आपल्याजवळ दातच नाहीत, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळले असावे. मला तरी तेव्हाच कळले. टॉवेलवर नखाएवढा रक्ताचा डाग पडला, ती हातातून निसटली आणि ज्या कपाटामागून तिला बाहेर यायला तीन आठवडे लागले होते त्याच कपाटामागे जाऊन बसली.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी यकृताचे विचारले नाही, टाक्यांचे विचारले नाही, “वेदनाशामक किती वाजता दिलेत?” एवढेच विचारले. मी काही क्षण गप्प राहिले आणि मग खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, याचे मला आजही ओझे वाटते. पूर्ण मात्रा द्या, तासभर थांबा, अन्न कोमट करून जवळ ठेवा आणि तुम्ही तिथून उठा, असे त्यांनी सांगितले. सकाळपर्यंत तिने काही खाल्ले नाही तर नळीने भरवायचे पाहू, असेही म्हणाल्या. जमिनीवर पालथी पडून, कपाटामागे खांद्यापर्यंत हात घालून मी ते थेंब तिच्या गालात सोडले. तिने तोंड फिरवले नाही; तेवढे त्राणही नसावे. तास-सव्वा तासाने, शेजारच्या खोलीत दिवा न लावता बसलेली असताना, मला बशीवर जीभ फिरण्याचा आवाज ऐकू आला. मी उठून पाहायला गेले नाही.

तेव्हाची मी अजूनही माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, ते डोळे तू पाहिले होतेस, भिंतीकडे बघत बसलेले जनावर पाहून कोणीही घाबरले असते, आणि जास्त औषधाने मांजरे मरतातही. हे खरेच आहे. मी तिला म्हणते, फोन शेजारीच होता. यावर तिच्याजवळ उत्तर नाही, पण ती हार मानत नाही, आणि खरे सांगायचे तर मीही तिला पुरती दोषी ठरवू शकत नाही, कारण भीती आणि काळजी तिच्या ठिकाणी वेगळ्या काढता येत नव्हत्या.

पुढचे दिवस कष्टाचे होते, पण साधे होते. अन्न अंगाच्या उबेइतके कोमट केले की त्याचा वास सुटतो आणि वासावाचून मांजर तोंड लावत नाही. खोलगट भांड्यापेक्षा पसरट बशी बरी, कारण जिभेने ओढता येते. पंजाने टाके ओरबाडू नयेत म्हणून गळ्याभोवती कॉलर, आणि बशीपुढे ती बसली की तेवढ्यापुरती काढायची. औषधाच्या वेळा मी दारावर लिहून ठेवल्या होत्या. बाराव्या दिवशी भुरी खिडकीखाली उन्हात बसली, मान मागे वळवली आणि पाठ चाटू लागली. एक चाटणे, थांबणे, जीभ तोंडात फिरवून पाहणे, पुन्हा एक चाटणे. माझ्या घरी आल्यापासून तिने पाठ चाटलेली मी पाहिली नव्हती. आळशी ती कधीच नव्हती.

आता मूळ प्रश्न. मांजराच्या दाढा कात्रीसारख्या असतात, त्या तुकडे पाडतात; आपल्यासारखे चावून बारीक करायला मांजराचा जबडा आडवा फिरतच नाही. तुकडा आयता लहान मिळाला तर ते बव्हंशी गिळते, आणि उचलायचे काम काट्यांची खरखरीत जीभ करते. भुरी मऊ अन्न खातेच, पण दोन महिन्यांनी तिने शेजारच्या मांजराच्या भांड्यातले कोरडे दाणेही चोरून सबंध गिळायला सुरुवात केली. आज ती ३ किलो ९०० ग्रॅम आहे. भांड्यावर ती आता फिसकारत नाही.

ती पूर्ण बरी झाली का, असे विचाराल तर तेवढे मात्र सांगता येत नाही. दात काढल्यावर साधारण दोन-तृतीयांश मांजरांना पुष्कळ किंवा पूर्ण आराम पडतो आणि बाकीच्यांची औषधे चालू राहतात. भुरी कुठेतरी मधे आहे: घशाकडची लाली कमी झाली, गेली नाही, आणि दर काही महिन्यांनी औषधाचा एखादा फेरा करावा लागतो. ते औषध मी अन्नात मिसळून देते. सिरिंज हातात घेतलेली तिला दिसली तर ती दिवसभर माझ्या खोलीत येत नाही, आणि टॉवेल दिसला तर रात्रीही नाही. अंघोळीनंतर मी तो बाथरूममध्येच ठेवून बाहेर येते, आणि ओले केस तसेच गळत असतात.